मशेरी, पोट आणि पोटातलं बाळ

प्रश्न : डॉक्टरताई, मला पाचवा महिना चालू आहे. लग्नाआधीपासून मशेरी लावते, दिवसातून चार-पाच वेळा. आशाताई म्हणाल्या, बंद कर. दोन दिवस सोडली तर डोकं ठणकलं, पोट साफ होईना, पोरीवर उगाच खेकसले. परत लावली. सासूबाई म्हणतात, 'आमची चारही बाळंतपणं मशेरीवर झाली.' मधेच सोडली तर बाळाला त्रास होईल का?

उत्तर : नाही होणार गं. आज सोडलीस तरी बाळाला काही इजा नाही.

तुला जे झालं ते निकोटीन कमी पडल्यामुळे. मशेरी चोळली की ते हिरड्यांतून रक्तात उतरतं आणि आतड्यांनाही चाळवतं. म्हणून तर ती लावल्याशिवाय सकाळी परसाकडला होत नाही. मशेरी का सुटत नाही असं विचारलं, की कितीतरी बायका हे कारण लाजून अगदी शेवटी सांगतात. तू मोकळेपणाने लिहिलंस, फार बरं केलंस. पहिले तीन-चार दिवस जड जातात, मग दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. गरोदरपणात आतडी तशीही मंद चालतात, त्यात लोहाच्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं. त्या गोळ्या मात्र बंद करू नकोस. उठल्यावर कोमट पाणी, थोडं चालणं, जेवणात पालेभाजी, पेरू. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घे.

हेच निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि बाळ पोसत नाही. दिवस भरण्याआधी बाळंतपण, क्वचित पोटातच मूल दगावणं, हे धोकेही वाढतात. बाळाचं बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं, आणि ते महिने अजून तुझ्या हातात आहेत.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या बाळांची जन्मल्यावर वजनं झाली होती का? अडीच किलोच्या आतलं बाळ वरून धडधाकट दिसलं तरी त्याला जंतुसंसर्ग लवकर गाठतो. तव्यावर काळी केली की तंबाखूतलं विष जळतं, असंही पुष्कळजणी मानतात. निकोटीन त्यात राहतंच, वर भाजताना कर्करोग करणारी द्रव्यं वाढतात. त्यांना सांग, घरात भाजू नका, डबी माझ्या नजरेआड ठेवा. आणि त्यांचंही तोंड एकदा तपासून घे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर थांबू नका.

मशेरीऐवजी तपकीर किंवा गुल लावू नकोस, तीही तंबाखूच. दातांच्या उत्पादनांत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी सुटी, बिनलेबलची दंतमंजनं घेऊ नकोस. निकोटीनचं च्युइंगमही दुकानातून परस्पर आणू नकोस, आधी डॉक्टरांशी बोल. तलफ आली की खळखळून चूळ भर, बडीशेप चघळ, दहा मिनिटं दुसऱ्या कामाला लाग. सरकारची तंबाखूमुक्तीची फुकट हेल्पलाइन आहे : १८००-११-२३५६.

मशेरी सुटल्यावर एखादी दाढ दुखायला लागेल. ती आधीच किडलेली असते, फक्त मशेरीने तिचं दुखणं जाणवत नव्हतं. दुखलं म्हणून पुन्हा डबी उघडू नकोस. पाचवा-सहावा महिना दात दाखवायला चांगला. दातांच्या डॉक्टरांना दिवस गेल्याचं आधी सांग.