घड्याळाबरोबर ब्रेसलेटचे लिंकिंग

प्रश्न : जालन्याच्या मोंढ्यात माझे आडतीचे दुकान आहे. दुकानाला पंचवीस वर्षे झाली म्हणून पोलादी केसचे एक स्विस क्रोनोग्राफ घड्याळ घेण्याची इच्छा होती. मोठ्या शहरातील अधिकृत विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा ‘हे मॉडेल प्रोफाइल, म्हणजे आमच्याकडे आधीच्या खरेदीची नोंद, असलेल्यालाच मिळते, आधी दुसरी खरेदी करा’ असे सांगितले गेले. म्हणून २०२४ च्या दसऱ्याला ४ लाख १० हजारांचे हिऱ्यांचे ब्रेसलेट आणि २ लाख ७० हजारांचे लेडीज घड्याळ घेतले. बयाणाही मागितला नाही, इतका त्यांनी विश्वास दाखवला. सेल्समनने व्हिजिटिंग कार्डामागे मॉडेलचे नाव आणि ‘प्रोफाइल पूर्ण, ८ ते १० महिने’ असे लिहून दिले. आता दीड वर्ष उलटले. तो सेल्समन नोकरी सोडून गेला आणि नवे मॅनेजर म्हणतात, अशी यादीच नसते. घड्याळ मिळवता येईल का? नसेल तर पैसे परत मिळतील का? लेडीज घड्याळ मुलगी वापरते. ब्रेसलेट डबीतच आहे, पण पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नात ते घालायचे घरात घाटते आहे. छत्रपती संभाजीनगरचा एक एजंट तेच घड्याळ ‘दुबईचा पीस’ म्हणून बिलाशिवाय, रोख २२ लाखांना देतो म्हणतो. पुढे विकले तरी जास्तच पैसे येतील, म्हणून तेही घ्यावेसे वाटते.

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. घड्याळ देण्यास त्या दुकानाला भाग पाडता येईल, असे मला वाटत नाही. शेतकऱ्याला हिशेबपट्टी देताना आपण माल, वजन, दर, हमाली, तोलाई हे सारे लिहिता. इथे किंमत ठरलेली नाही, डायलचा रंग ठरलेला नाही आणि बयाणाही दिलेला नाही. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही, तो १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २९ नुसार रद्दबातल असतो. बयाणा न मागण्यात आपल्याला विश्वास दिसला. मला त्यात दुकानाचा सावधपणा अधिक दिसतो.

दुसऱ्या प्रश्नात मात्र दम आहे. माल कमी असणे आणि तो कोणाला विकायचा हे दुकानदाराने ठरवणे, एवढ्याने कायदा मोडत नाही. परंतु ‘हे घेतले तरच ते मिळेल’ अशी अट घातली की गोष्ट बदलते. खरिपाच्या तोंडावर युरियाच्या गोणीबरोबर नको असलेले दुसरे खत शेतकऱ्याच्या गळ्यात मारले जाते, त्याला आपल्याकडे लिंकिंग म्हणतात. आपल्याबाबतीत घडले ते वातानुकूलित दालनात, चहा पाजून केलेले लिंकिंगच होय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये ‘निर्बंधक व्यापारी प्रथे’ची व्याख्या दिली असून, एक वस्तू विकत घेण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची पूर्वअट घालणे तिच्यात स्पष्टपणे येते. मान्य केलेल्या मुदतीपलीकडे पुरवठा लांबवणे आणि त्यामुळे किंमत वाढणे किंवा वाढण्याचा संभव असणे, हेही त्याच व्याख्येत आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या महागड्या बर्किन बॅगेवरून अशाच तक्रारीचा दावा ग्राहकांनी लावला होता व तो फेटाळला गेला. पण तो तिथल्या स्पर्धाविषयक कायद्याखाली होता, जिथे बाजारातील ताकद दाखवावी लागते. आपल्या व्याख्येत तशी अट नाही.

म्हणूनच ते व्हिजिटिंग कार्ड लाखमोलाचे आहे. आपण पाठवलेल्या फोटोत निळ्या शाईचे अक्षर स्पष्ट आहे आणि पुढच्या बाजूस दुकानाचे नाव छापलेले आहे. ‘प्रोफाइल पूर्ण’ हे दोन शब्द ब्रेसलेटची खरेदी आणि घड्याळाचे आश्वासन यांना जोडतात, तर ‘८ ते १० महिने’ मुदत सांगतात. कार्ड लॅमिनेट करू नये, कारण अक्षर तपासायची वेळ आली तर शाई उघडी असलेली बरी. सेल्समनशी झालेले व्हॉट्सॲप संभाषण मूळ फोनवरच ठेवावे, फोन बदलू नये; ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडू. सेल्समन नोकरीत असताना, त्याच काउंटरवर बसून बोलला, तेव्हा तो आता तिथे नाही या सबबीने दुकानाची जबाबदारी संपत नाही.

आता आपल्या बाजूचे कच्चे दुवे सांगतो, कारण समोरचा वकील सुरुवात तिथूनच करील. ब्रेसलेटचे बिल आपण आडत दुकानाच्या नावावर, जीएसटी क्रमांक टाकून घेतले आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) प्रमाणे पुनर्विक्रीसाठी किंवा वाणिज्यिक हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही आणि हे बिल पाहून तो आक्षेप हमखास येईल. त्या बिलावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतले असेल तर ते आधी परत करावे. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर ते मिळतच नाही आणि एकीकडे क्रेडिट घेऊन दुसरीकडे ‘घरच्यासाठी घेतले’ असे शपथेवर सांगणे अंगलट येईल. ‘विकले तरी जास्तच पैसे येतील’ हे वाक्य मला कळवले ते ठीक. दुकानाला किंवा एजंटाला लेखी कळवले असेल तर मला आधीच सांगावे.

तक्रार करण्यासाठी त्या शहरात खेटे घालावे लागणार नाहीत. तक्रारदार जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते, त्यामुळे जालना जिल्हा ग्राहक आयोग चालेल. दिलेला मोबदला ५० लाखांच्या आत असल्याने प्रकरण जिल्हा आयोगाच्याच अधिकारात येते आणि ५ ते १० लाखांच्या टप्प्यासाठी शुल्क २०० रुपये आहे. मागणी मात्र आटोपशीर ठेवावी. मुलगी वापरत असलेल्या लेडीज घड्याळाचे पैसे मागू नयेत. त्याने बाकीची तक्रार पातळ होते. ब्रेसलेट परत घेऊन ४ लाख १० हजार व्याजासह द्यावेत आणि ही प्रथा बंद करावी, एवढेच मागावे. ब्रेसलेटमध्ये दोष नाही, पैशांच्या मोबदल्यात वस्तू मिळाली आहे, असा युक्तिवाद होईल आणि तो पोकळ नाही. तरीही प्रथा बंद करण्याचा आदेश आपल्या नावावर नको म्हणून दुकान मध्यस्थीत ब्रेसलेट परत घेईल, अशी मला बरीच आशा वाटते.

एजंटाकडून मात्र काहीही घेऊ नये. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याच्या जोडीने घड्याळांचे नाव आहे. ते चोरट्या आयातीचे असल्याच्या वाजवी समजुतीने अधिकाऱ्याने जप्त केले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार घड्याळ ज्याच्याकडे सापडले त्याच्यावर आणि मालकी सांगणाऱ्यावर येतो. बिल नाही, सीमाशुल्काची पावती नाही, मग आपण सिद्ध काय करणार? घड्याळ चोरीचे निघाले तर एजंटाजवळ नसलेली मालकी आपल्यालाही मिळत नाही. शिवाय एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो हे खरे, परंतु २२ लाख आले कुठून, हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. सरळ व्यवहारात १० लाखांवरील मनगटी घड्याळावर विक्रेता २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतो आणि तो आपल्या पॅनवर दिसतो. एजंटाला हे सारे नकोच आहे, हे त्याच्या निरोपावरून कळते.

तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ती नव्या मॅनेजरांच्या नकारापासून मोजावी, असे आपण म्हणू. दुकान मात्र दसऱ्याच्या बिलापासून मोजेल, म्हणून ऑक्टोबर २०२६ उजाडण्यापूर्वी तक्रार दाखल व्हायला हवी. त्याआधी २० दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवू. नोटिशीत ब्रेसलेट न वापरता मूळ डबीत ठेवले असल्याचे लिहायचे आहे. तेव्हा भाचीच्या लग्नात ते कोणाच्याही हातात दिसू नये, हे घरात आजच सांगून ठेवावे.