टार्गेट 'अप' दिसतंय, तरी ग्राफाना रिकामं का?

भोसरीतल्या कारखान्यात गुरुवारी लाइट गेली. परत आल्यावर ईआरपी (कारखान्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) नीट सुरू झालं, पण आलेख दाखवणाऱ्या ग्राफानाच्या पोस्टग्रेस (डेटाबेस) डॅशबोर्डवर सगळीकडे 'नो डेटा'. आकडे गोळा करून ठेवणाऱ्या प्रोमिथियसच्या टार्गेट्समध्ये (तो ज्यांच्याकडून आकडे घेतो त्यांची यादी) एक्स्पोर्टर, म्हणजे पोस्टग्रेसचे आकडे काढून देणारा प्रोग्राम, मात्र हिरवा, 'अप'. ग्राफाना काढून पुन्हा टाकलं, डेटाबेस सर्व्हरची फायरवॉलही बंद करून पाहिली, तरी काही फरक नाही. शिवाय महिनाअखेरीला ईआरपी का रडतं आणि अलर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर कसे पाठवायचे, हेही विचारलंय. तुमचा प्रश्न मला असा समजला.

आधी ती फायरवॉल परत चालू करा. आणि ग्राफानाला आता हात लावू नका, त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नाही.

टार्गेट्समधलं 'अप' एवढंच सांगतं की प्रोमिथियस एक्स्पोर्टरच्या ९१८७ पोर्टपर्यंत पोचला आणि त्याला उत्तर मिळालं. एक्स्पोर्टर पुढे डेटाबेसपर्यंत पोचला का, हे 'पीजी_अप' या वेगळ्या मेट्रिकमध्ये (मोजलेल्या आकड्यात) कळतं. गेटवर वॉचमन बसलाय म्हणून आत मशिनं चालू आहेत असं थोडंच असतं! प्रोमिथियसच्या पानावर 'पीजी_अप' टाकून बघा, शून्य येईल. हे मी खात्रीने सांगतोय, कारण तुम्ही दिलेल्या लॉगमध्येच उत्तर आहे: 'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एन्ट्री फॉर होस्ट १९२.१६८.१.५७'. हा निरोप खुद्द पोस्टग्रेसने दिलाय. म्हणजे कनेक्शन पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर पोचलं, पोस्टग्रेसने ते ऐकलं आणि नाकारलं. फायरवॉलने अडवलं असतं तर टाइमआउट झाला असता किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं असतं, ही ओळ आली नसती. पासवर्ड चुकला असता तर निरोप वेगळाच असता.

आता तुमच्या 'पीजी_एचबीए.कॉन्फ' फाइलमधली ओळ बघा, कुठल्या पत्त्यावरून कुणी जोडायचं ते पोस्टग्रेस याच फाइलवरून ठरवतो. तिथे १९२.१६८.१.४० आहे, पुढे /३२, म्हणजे फक्त तो एकच पत्ता. एक्स्पोर्टर ज्यावर चालतो ते मॉनिटरिंगचं मशिन डीएचसीपीवर आहे, म्हणजे त्याला पत्ता राउटर देतो, असं तुम्हीच लिहिलंय. लाइट आल्यावर राउटरने त्याला नवा पत्ता दिला, बाकी काही झालेलं नाही. फाइलमध्ये पत्ता बदलून 'सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ' चालवलं की काम होईल, डेटाबेस रीस्टार्ट करायची गरज नाही. (रीस्टार्ट लागतो तो पोस्टग्रेस कुठल्या पत्त्यांवर ऐकतो हे ठरवणारं 'लिसन_अ‍ॅड्रेसेस' बदलल्यावर.) एक लक्षात असू द्या, ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळच लागू होते. वर एखादी 'रिजेक्ट' असेल तर खाली काहीही लिहा, उपयोग नाही.

पण ही मलमपट्टी झाली. पुढच्या शटडाउनला पुन्हा हेच होईल. माझं ऐकाल तर एक्स्पोर्टर मॉनिटरिंग मशिनवरून काढून डेटाबेस सर्व्हरवरच बसवा. मग तो लोकलहोस्टने, म्हणजे त्याच मशिनच्या आतून, जोडला जातो, पोस्टग्रेसचं दार नेटवर्कसाठी उघडावं लागत नाही, आणि बाहेर फक्त ९१८७ उघडायचा, तोही मॉनिटरिंग मशिनपुरता. त्या मशिनला स्थिर पत्ता द्या, एक्स्पोर्टरची सर्व्हिस 'एनेबल' करा (म्हणजे मशिनबरोबर ती आपोआप सुरू होते), नाहीतर लाइट आल्यावर ती हाताने सुरू करत बसाल.

हलवताना दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. सर्व्हरवर एसएसएल (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) नसेल तर कनेक्शनच्या ओळीत 'एसएसएलमोड=डिसेबल' लिहावं लागतं. आणि पासवर्डमध्ये @ असेल तर यूआरएलमध्ये तो %४० असा लिहावा लागतो (आकडे अर्थातच इंग्रजी), नाहीतर होस्टचं नावच भलतं वाचलं जातं. युजर म्हणून सगळे अधिकार असलेला 'पोस्टग्रेस' वापरू नका. वेगळा युजर करून त्याला 'पीजी_मॉनिटर' रोल द्या, आवृत्ती १० पासून तो आहे आणि एवढ्या कामाला पुरतो.

महिनाअखेरीला ईआरपी रडतं, त्याचं कारण या आलेखांवरून कळणार नाही. त्यासाठी 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स' हवं, कुठल्या क्वेरीला किती वेळ लागला ते त्यात नोंदलं जातं. ते 'शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज'मध्ये टाकून रीस्टार्ट करावं लागतं, मग 'क्रिएट एक्स्टेन्शन'. गुरुवारचा शटडाउन त्यासाठी आयताच आहे. नेटवरचे जुने डॅशबोर्ड 'टोटल_टाइम' हा कॉलम शोधतात. आवृत्ती १३ पासून तो 'टोटल_एक्झेक_टाइम' झालाय, त्यामुळे तिथेही 'नो डेटा' दिसू शकतं. शिवाय प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. मागच्या महिनाअखेरीशी तुलना करायची तर रिटेन्शन ६० दिवसांचं तरी करा.

अलर्ट थोडेच ठेवा. 'पीजी_अप' पाच मिनिटं शून्य, डिस्क भरत आलीय, कनेक्शन मर्यादेजवळ पोचली (मुळात मर्यादा १०० असते), आणि कुणी तरी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे व्यवहार अर्धवट उघडा ठेवून, बसून राहिलंय. सुरुवातीला एवढे पुष्कळ. रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसरी प्रत, कुठवर आलीय याची नोंद) असतील तर त्यांच्यावर वेगळा डोळा ठेवा. रेप्लिका बंद पडली की स्लॉट वॉल फाइली (बदलांच्या नोंदींच्या फाइली) अडवून धरतो आणि डिस्क गळ्याशी येते. आवृत्ती १३ पासून 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ' आहे, पण मुळात त्याला मर्यादाच नसते, ती आपण घालायची.

राहिला व्हॉट्सअ‍ॅपवर अलर्ट पाठवायचा प्रश्न. ते नंतर बघू, आधी ईमेल चालू करा. पण लाइट गेली की मॉनिटरिंगचं मशिनही झोपणार, तेव्हा कारखान्याबाहेरून कुठून तरी एक साधी तपासणी लावून ठेवा. आणि पत्ता बदलून रीलोड केल्यावर 'पीजी_अप' काय दाखवतंय ते इथे टाका, शून्यच राहिलं तर लॉगची नवी ओळही द्या.