डेमो बघून भुललास की!

वेबसाइटच्या टेम्प्लेटची, म्हणजे तयार साच्याची, वर्षाची वर्गणी भरलीस आणि साइट डेमोसारखी दिसेना, म्हणून डोकं धरून बसलायस, होय की नाही? अरे, डेमोतले फोटो बऱ्याचदा टेम्प्लेटसोबत मिळतच नाहीत.

साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) असेल तर मूळ थीमच्या, म्हणजे तिथल्या टेम्प्लेटच्या, फाइलींना हात लावू नकोस, चाइल्ड थीम कर; आपले बदल त्या वेगळ्या जोड-थीममध्ये राहतात. बेळगावच्या शहापुरातल्या एका साडी दुकानाची साइट मी थेट मूळ फाइलीतच बदलली होती. ऐन दिवाळीत अपडेट दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. मालकांचा चेहरा अजून आठवतो.

खरी कटकट आपल्या अक्षरांची. हे टेम्प्लेट इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. मथळ्याला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असलं की ‘बेळगावी कुंदा’ची शिरोरेघ तुटते, अक्षरं सुटी पडतात. ते शून्य कर. लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या आकाराच्या १.६ पट, त्याच्या आसपास ठेव, नाहीतर रफार-वेलांट्या वरच्या ओळीला भिडतात. मराठीला मुक्ता फॉन्ट, कन्नडला नोटो सान्स कन्नड. निपाणी-खानापूरचं गिऱ्हाईक दोन्ही भाषा मागणारच, मेनूत जागा आधीच सोड.

आणि वर्गणी संपल्यावर काय होतं ते अटींत बघ. वर्डप्रेसची थीम बहुतेक वेळा चालत राहते, फक्त अपडेट थांबतात. साइट टेम्प्लेट देणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरवर असेल तर मात्र दुकानाचं शटरच खाली.