दापोलीचं घर विकण्याआधी

अरे, घराला खरंच किती भाव येईल ते एजंटच्या शब्दावरून ठरवू नकोस. तो सांगतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव खरेदीखतात असतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आजूबाजूच्या गट नंबरांची सूची २, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचा गोषवारा, काढ आणि गेल्या दोन वर्षांतले व्यवहार मोज. कागदावरचा आकडा कधीकधी कमीही दाखवलेला असतो, म्हणून घर विकलेल्यांपैकी एखाद्याला प्रत्यक्ष भेटच. आपल्या वाडीत विकायला काढलेली किती घरं वर्षभर तशीच पडून आहेत, तेही बघ. मला ते सगळ्यात बोलकं वाटतं. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, मुद्रांक शुल्कासाठी असतो, त्यावरून किंमत ठरवू नकोस. गिऱ्हाईक मे महिन्यात नि गणपतीत गावात येतं, तेव्हा दाखव. आणि सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती आधी घे रे बाबा, त्यावाचून चांगलं गिऱ्हाईक हातचं जातं.