बागेचा सौदा थांबवा, आधी मुलीचं ऐका

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मुलगी मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी झाली, 61 टक्के पडले, तिला वर्षभर ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळत, जर्मनीत जाऊन राहायचंय. तुम्हाला मात्र ती थेट मास्टर्सलाच जायला हवीय, त्यासाठी मुंबईतल्या एजंटनं एका खाजगी युनिव्हर्सिटीचा फी-खर्च धरून 25 लाखांचा आकडा दिलाय, आणि यंदा थ्रिप्स किडीनं मोहोर गेलेला असताना तुम्ही गुहागरची निम्मी बाग विकायला काढलीय. वर मला म्हणताय, तिला समजवा.

मार्कांची काळजी मला अजिबात वाटली नाही. वाटली ती तुमच्या एका वाक्याची, "आमची मुलगी परक्यांची पोरं सांभाळायला गेली हे गणपतीला आलेल्या पाहुण्यांना कुठल्या तोंडाने सांगू?" भाऊ, दापोली, खेड, श्रीवर्धन, कुठेही बघा, किती घरांतली माणसं कुवेत-दुबईला गेली, कोणी ड्रायव्हर म्हणून, कोणी हॉटेलात, कोणी जहाजावर, त्यांनी पाठवलेल्या पैशांतून घरांवर स्लॅब पडले, बहिणींची लग्नं झाली, आणि तेव्हा त्यांच्या कामाची लाज कोणाला वाटली नाही. मग मुलगी कमी पैशात, स्वतः माहिती काढून, रीतसर व्हिसावर जायचं म्हणते तर तिच्याच वेळी पाहुणे का आठवतात? पाहुणे चार दिवस राहून जातील हो, बाग गेली की गेली. आणि खरं सांगू का, अख्ख्या पत्रात मुलीला नक्की काय हवंय यावर तुमची एकच ओळ आहे, बाकी सगळं एजंट काय म्हणाला आणि शेजारचा मुलगा कॅनडाला कसा गेला हेच आहे. तिला मी समजावणार नाही. समजावायचंच असेल तर तुम्हाला.

आता ओ-पेअर म्हणजे काय ते नीट वाचा, कारण तुम्ही ते मोलकरणीचं काम धरून चाललायत. त्या घरात तिला स्वतःची खोली मिळते, जेवण मिळतं, विम्याचे पैसे ते कुटुंब भरतं, वर महिन्याला 280 यूरो हातखर्च आणि भाषेच्या क्लाससाठी 70 यूरो. काम म्हणजे सकाळी मुलांना उठवून नाश्ता द्यायचा, शाळेत सोडायचं-आणायचं, थोडी घरकामात मदत, सगळं मिळून आठवड्याला 30 तासांच्या वर नाही, आठवड्यात दीड दिवस सुट्टी. अर्ज करताना वय 27 च्या आत हवं, जर्मन निदान ए1, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, हवी, मुदत सहा महिने ते एक वर्ष आणि ही संधी एकदाच मिळते. 280 यूरो म्हणजे फार नाही, आणि या व्हिसावर बाहेर दुसरी नोकरी करता येत नाही, त्यामुळे तिला हात राखून राहावं लागेल, पण घरभाडं नाही आणि जेवणाचा खर्च नाही हे विसरू नका. पासपोर्ट, ए1 चा क्लास आणि परीक्षा, 75 यूरो व्हिसा फी, तिकीट, आणि अडचण आली तर परत यायच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवून माझ्या अंदाजाने दोन लाखांत बसायला हरकत नाही.

तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज ब्लॉक्ड अकाउंटचा आहे. तुम्ही लिहिलंय की ते 12 लाख जर्मन सरकारला भरायचे, आणि एजंट म्हणतो की "दाखवायला आम्ही देतो, व्याज द्या". अहो ती फी नाहीचे. विद्यार्थ्याला वर्षाच्या राहण्या-खाण्याचे 11,904 यूरो स्वतःच्या नावावर ठेवावे लागतात आणि तिथं गेल्यावर त्यातून महिन्याला 992 यूरो त्याच्याच हातात येतात. म्हणजे ते तिच्या भाड्याचे आणि जेवणाचे पैसे. उसने आणून दाखवले तर सावकार पहिल्या महिन्यापासून परत मागणार आणि पोरगी तिथं भाडं कशातनं भरणार, सांगा? आणि ओ-पेअरला हे खातं लागतच नाही, कारण राहणं-खाणं कुटुंबाकडे असतं.

मास्टर्स मागाहून करायचं झालं तर सरकारी युनिव्हर्सिटी बघा, बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांना सेमिस्टरला 1,500 यूरो पडतात. एपीएस सर्टिफिकेट (आपली पदवी खरी असल्याची जर्मन पडताळणी), आयईएलटीएस वगैरे ती स्वतः करू शकते, त्याला 25 लाख लागत नाहीत. एजंट म्हणतो पार्टटाइममधून फी निघेल, ते सोडून द्या, विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवसच काम करता येतं, त्यात स्वतःचा खर्च भागला तरी पुष्कळ.

आता पोरी, तुझ्याशी. तुझा बेत मला आवडला, पण ए1 वर जाऊ नकोस. मुलांशी बोलता आलं नाही तर वर्ष फुकट जाईल, त्यामुळे बी1, म्हणजे दोन पातळ्या वरची परीक्षा, होईपर्यंत घरी राहून अभ्यास कर, बाबांनाही तेवढा वेळ मिळेल. बी1 झालं की आउसबिल्डुंगचाही विचार करता येतो, म्हणजे पगार घेत घेत शिकायचं, लॅबच्या कामातही आहे, तुझ्या विषयाला ते जवळचं आहे. कुटुंब निवडताना आई-वडील दोघांशी आणि मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोल, आधीची ओ-पेअर असेल तर तिचा नंबर माग. कोणी "व्हिसाचे पैसे आधी पाठव" म्हणालं तर तिथंच संपर्क तोड, ते कुटुंब नसतं, फसवणूक असते. तासांचा, सुट्टीचा, पैशांचा लेखी करार घे आणि त्याची एक प्रत घरी ठेवून जा.

भाऊ, करार आला की सही व्हायच्या आधी मला पाठवा, मी वाचून कळवते. तोवर बागेच्या कागदावर सही करू नका, आणि एजंटला टोकन दिलं असेल तर पावती शोधून ठेवा.