मोलचा धडा सोडू नकोस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

मराठी शाळेतून दहावी करून आलेल्या प्रत्येकाला फर्स्ट पीयूसीचं (अकरावीचं) इंग्रजी सुरुवातीला जड जातं. त्याची धास्ती घेऊ नकोस, दिवाळीपर्यंत कान सरावतो. पण ‘मोल डोक्यावरून गेला, म्हणून पुढचं पाठ करायला घेतलंय’ असं लिहिलं आहेस, ते मात्र मला पटलं नाही. मोल रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आहे, याला कारण आहे. पुढची द्रावणं, समतोल, विद्युतरसायन, सगळी गणितं त्याच्यावरच उभी आहेत.

दुकानदार बारीक खिळे मोजत बसत नाही, तराजूत टाकतो. अणू तर दिसतही नाहीत, मग तेही वजनावरच मोजायचे, इतकंच. १२ ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू, तितकेच २३ ग्रॅम सोडियममध्ये आणि २७ ग्रॅम अॅल्युमिनियममध्ये. ती संख्या म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, आणि तेवढ्या कणांचा गठ्ठा म्हणजे एक मोल. पोरं चुकतात ती वेगळ्याच जागी : मोल कशाचा, हेच विचारत नाहीत. ऑक्सिजनच्या अणूंचा मोल १६ ग्रॅम, रेणूंचा ३२. उदाहरण सोडवताना ‘कशाचा?’ हे आधी वहीत लिही.

आता चुना घे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अणुभार मिळव : कॅल्शियमचे ४०, कार्बनचे १२, ऑक्सिजनचे तीन वेळा १६, मिळून १००. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम पुरती भाजली की ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्या ५६ ग्रॅमला १८ ग्रॅम पाणी लागतं, आणि ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. (कळीचा चुना घरी विरवायला जाऊ नकोस. पाणी उकळून उडतं, डोळ्यात गेलं तर डोळा जाईल.) समीकरण संतुलित करायचं म्हणजे हीच बेरीज दोन्ही बाजूंना जुळवायची.

निपाणी-संकेश्वरकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर हंगामात जाऊन ये. उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो. गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो, आम्लाचा जोर मोडतो, मळी वर तरंगते आणि तो ती झाऱ्यानं काढत राहतो. चुना जास्त पडला तर गूळ काळपट होतो. त्याचा अंदाज नजरेचा. तुझा हिशेब असा, की विरलेल्या चुन्याच्या एका मोलला हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन मोल लागतात. दोन का, ते कॅल्शियमच्या संयुजेवरून (त्याचा अणू किती बंध जोडतो त्यावरून) तूच काढ. आणि हळदीच्या पाण्यात निवळीचे चार थेंब टाकून बघ, लाल होईल. वर लिंबू पिळलंस की पुन्हा पिवळं. प्रयोगशाळेतला लिटमस याहून वेगळं काही करत नाही.

अणुभार पहिल्या वीस मूलद्रव्यांचे तोंडपाठ असू देत, वर लोह, तांबं, जस्त, चांदी. सगळ्या ११८ च्या मागे लागू नकोस. संयुजाही तेवढ्यांच्याच. गाईड मात्र बाजूला ठेव. सोडवलेलं उदाहरण वाचलं की आल्यासारखं वाटतं, पेपरात पेन अडतं. रोज तीनच उदाहरणं कर, पण एककासकट उत्तरापर्यंत लिहीत जा.

बेळगावजवळच्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून अॅल्युमिना काढतात, लोहाचा तांबडा चिखल मागे राहतो. अॅल्युमिनाच्या रेणुसूत्रात अॅल्युमिनियम दोन आणि ऑक्सिजन तीन. ५१ टन अॅल्युमिनातून जास्तीत जास्त किती अॅल्युमिनियम निघेल, ते सोडवून पुढच्या पत्रात पाठव. नुसतं उत्तर नको, रीत दाखव.

तुझे,
सर