खुनाच्या खटल्याचा निकाल लागायच्या आधीच लोक 'फाशीच' का म्हणतात? न्यायाधीशांवर त्याचा परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये तुमच्या कॉलनीत झालेल्या खुनाचा निकाल कोर्टाने राखून ठेवलाय, कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज 'फाशीच हवी' चाललंय, आणि तुम्ही 'निकाल तरी येऊ द्या' म्हणालात तर लोकांनी तुम्हालाच आरोपीच्या बाजूचं ठरवलं. मी इथल्या जिल्हा कोर्टात फौजदारी कामं बघतो. तुमच्या खटल्यात माझं वकीलपत्र नाही, म्हणून त्याच्या खऱ्या-खोट्यात शिरत नाही. बाकीचं सांगतो.

ग्रुपवरच्या लोकांना मी वाईट म्हणणार नाही. ज्या रस्त्यावरून आपली मुलगी क्लासहून येते तिथे मुडदा पडलेला असला की माणूस घाबरतो, आणि कुणाला तरी शिक्षा झाल्याशिवाय ती भीती हटत नाही. अडचण अशी की त्यांचा खटला अटकेच्या दिवशीच संपलेला असतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बुरखा घातलेल्या आरोपीचा आणि मागे उभ्या पोलिसांचा फोटो आला, विषय संपला. पुढे साक्षीपुरावा चालतो त्या वर्षांत कोर्टात कुत्रं फिरकत नाही.

तेव्हाचं कोर्ट बघितलंत तर तुम्हाला हा खुनाचा खटला वाटणारही नाही. आरोपी बऱ्याचदा नाशिकरोड जेलमधून व्हिडिओ कॉलवर, स्क्रीनच्या कोपऱ्यात. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पंच उभा, म्हणजे पोलिसांनी वस्तू जप्त केल्या तेव्हा साक्षीला हजर असलेला माणूस. शिपाई मुद्देमालाचं पाकीट आणतो, लाखेचं सील फोडलं जातं, आतून गंजलेला कोयता निघतो. सरकारी वकील विचारतात, हाच का? पंच आधी कोयत्याकडे बघतो, मग लेबलवरच्या स्वतःच्या सहीकडे, आणि म्हणतो, "सही माझी आहे." कोयत्याचं काय, यावर पुढचा अर्धा तास जातो. मागच्या बाकावर मयताचा भाऊ एकटा बसलेला असतो. ग्रुपवरचं कुणी नसतं.

आता न्यायाधीशांवर परिणाम होतो का? न्यायाधीशही याच शहरात राहतात, पेपर त्यांच्याही घरी येतो. पण निकालपत्रात प्रत्येक मुद्द्याला कारण द्यावं लागतं, आणि फाशी दिली तर हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. मोर्चा कितीही मोठा निघाला तरी निकालपत्रात त्याचा आधार घेता येत नाही. माझं मत असं की लोकांच्या गोंगाटाचा पहिला फटका न्यायाधीशांना बसत नाही, साक्षीदाराला बसतो.

समजा, समोरच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी रात्री गॅलरीतून दोघांना पळताना बघितलं. पोलिसांना दिलेल्या जबाबात ते प्रामाणिकपणे सांगतात की अंधार होता, चेहरे दिसले नाहीत, एकाचा शर्ट पांढरा होता. मग दोन-तीन वर्षं अख्खी कॉलनी त्यांना 'काका, तुम्ही तर बघितलंय' म्हणत राहते. गणपतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, दूध आणायला गेल्यावर. साक्षीच्या दिवशी काका शपथेवर सांगतात, "मी चेहरा स्पष्ट बघितला." ते खोटं बोलत नसतात, त्यांना आता तसंच आठवतं. आरोपीचा वकील शांतपणे मूळ जबाब उघडतो. हे पोलिसांना का नाही सांगितलं? आमच्या भाषेत ही ओमिशन, म्हणजे आधीच्या जबाबात नसलेली गोष्ट. अशी तीन-चार झाली की काकांची पांढऱ्या शर्टाची खरी गोष्टही संशयात सापडते, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. निकालानंतर हाच ग्रुप 'पैसे खाल्ले' म्हणतो.

उलटही होतं, निर्दोष माणसं अडकतात, आणि त्याचं उदाहरण आपल्याच कोर्टातलं आहे. जून २००३ मध्ये एका कुटुंबातल्या पाच जणांचे खून आणि बलात्कार झाले होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते. त्या चौघांचा माग पोलिसांनी काढलाच नाही. सोळा वर्षं ते सहा जण आत, आणि ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना खरे गुन्हेगार मिळाले नाहीत ते नाहीतच. ग्रुपवर एकच गोष्ट टाकायची असेल तर ही टाका.

आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये, असाही मेसेज कुणीतरी फिरवेल. वकील संघांनी असे ठराव पूर्वी केलेत. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ते बेकायदा ठरवले. वकीलच मिळाला नाही तर शिक्षा वर टिकत नाही, हे मयताच्या घरच्यांनाही परवडणारं नाही.

बाय द वे, लोक नेहमी फाशीच मागतात असंही नाही. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटींवर पत्नीचा प्रियकर आहुजा याला गोळ्या घालून मारल्याचा खटला चालला, त्यात गर्दी आरोपीच्या बाजूने होती. रस्त्यावर 'नानावटी पिस्तूल' आणि 'आहुजा टॉवेल' विकले जात होते. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. आता ज्युरी नाही, हे बरंच आहे.

निकाल इतका लांबतो का, हेही तुम्ही विचारलंय. नव्या बीएनएसएसमध्ये, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यात, युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, आणि कारण नोंदवून ४५ दिवसांपर्यंत निकाल द्यावा असं आहे. पण तो कायदा १ जुलै २०२४ पासूनचा. त्याआधी सुरू झालेले खटले त्याच्या आधीच्या जुन्या कायद्याने, सीआरपीसीनेच चालतात, आणि त्यात अशी मुदत नव्हती.

निकालाच्या दिवशी काय होईल ते ग्रुपवर आधीच सांगून ठेवा, म्हणजे अफवा कमी उठतील. सीबीएस बसस्टँडपासून बंदोबस्त दिसेल, त्यावरून 'फाशी झाली' असा अर्थ कुणी काढू नये. पहिल्यांदा फक्त दोषी की निर्दोष एवढं जाहीर होतं. दोषी ठरल्यास शिक्षेवर दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि त्याला बऱ्याचदा वेगळी तारीख पडते. सोनई हत्याकांडाचा खटला नगर जिल्ह्यातला, पण चालला नाशिकला. त्यात सहा जण १५ जानेवारी २०१८ ला दोषी ठरले आणि फाशी सुनावली २० तारखेला. एक जण निर्दोष सुटला, ते फारसं कुणाला आठवत नाही.

तुमच्या बाबतीत आरोपी सुटलाच, तर मयताच्या घरच्यांना एवढं मात्र जरूर कळवा: २००९ च्या दुरुस्तीपासून पीडित पक्षाला निर्दोष मुक्ततेविरुद्ध स्वतः अपील करता येतं, सरकार करेल का याची वाट बघत बसावं लागत नाही. निकालपत्राची नक्कल लगेच मागवा, ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवरही बघता येईल. ती घेऊन वकिलाकडे जा, आणि साक्षीदार कुठे-कुठे कोलमडले ते आधी वाचा.